धागा: ऑफिसची मेल आणि कॅलेंडर मोबाईलवर आणायचंय, मुक्तस्रोत काही जमतंय का?

उद्यमबागकर · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गेल्या बुधवारी माझा फोन कूलंटच्या टाकीत पडला. मशीनवर वाकून जॉब बघत होतो, वरच्या खिशातनं सुळकन गेला. काढला, पुसला, तांदळाच्या डब्यात ठेवला, दोन दिवस देवाचं नाव घेतलं. काही उपयोग झाला नाही.

नंबर बरेचसे सिमवर आणि वहीत होते, ते मिळाले. कॅलेंडर मात्र गेलं. कुठल्या पार्टीला कधी माल द्यायचा, गेज कॅलिब्रेशनला कधी पाठवायचे, आग विझवायचे सिलिंडर कधी भरून घ्यायचे, सगळं त्यात होतं. नवीन फोन घेतला तर दुकानदार म्हणाला, “अकाउंट घाला, सगळं येतंय बघा.” घातलं. चार वाढदिवस आले. बाकीच्या नोंदी म्हणे ‘फोन’ नावाच्या कॅलेंडरात होत्या आणि ते कॅलेंडर फोनच्या बाहेर कुठं जातच नव्हतं.

दुसरं दुखणं मेलचं. आमचं स्वतःचं डोमेन आहे, स्वस्तातलं होस्टिंग, पाच मेलबॉक्स. ऑफिसच्या कॉम्प्युटरनं मेल ओढली की मोबाईलवर दिसत नाही. मोबाईलवरनं उत्तर दिलं की ते ऑफिसात दिसत नाही. परवा एकाच कोटेशनला मी आणि भावानं दोन वेगवेगळे दर पाठवले. पार्टीनं कमी दर धरला, साहजिक आहे.

कस्टमरची ड्रॉइंग असतात, गुप्ततेच्या करारावर सह्या केल्यात, म्हणून सगळं उचलून गूगलवर ठेवायला मन होत नाही. दोन अँड्रॉइड (माझा आणि आमच्या मिस्त्रींचा), भावाचा आयफोन, एक चालू कॉम्प्युटर, एक जुना पडून असलेला. पैसे फार घालायचे नाहीत. ओपन सोर्समध्ये आहे म्हणतात काहीतरी. सांगा की कुणीतरी.

निपाणी_बसस्टँड · सोमवार, रात्री १०.०५

एवढं कशाला ओ. सरळ जीमेल घ्या. माझं सगळं त्यात हाय, दहा वर्षांत काय झालं नाही.

तिसरं_रेल्वे_गेट · सोमवार, रात्री ११.२०

दोन दुखणी आहेत आणि दोन्हींचं औषध वेगळं. ती एकत्र केली की माणूस गोंधळतो, म्हणून आज फक्त मेल.

तुमचा ऑफिसचा कॉम्प्युटर पॉपनं मेल उतरवतोय, पैजेवर सांगतो. पॉप म्हणजे पोस्टमननं टपाल घरात आणून टाकलं आणि पोस्टात काही उरलं नाही. एक माणूस, एक कॉम्प्युटर असा जमाना होता तेव्हाची ती सोय. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ अशी खूण त्यात असते, पण वाचलेलं-न वाचलेलं, पाठवलेलं, फोल्डर यातलं काहीच दुसऱ्या यंत्राला कळत नाही. तुमचे दोन दर गेले ते यामुळंच.

आयमॅपमध्ये टपाल पोस्टातच राहतं आणि सगळे तिथं जाऊन वाचतात. मी वाचलं की तुमच्याकडंही वाचलेलं दिसतं. मी उत्तर दिलं की ते ‘सेंट’मध्ये तुम्हालाही दिसतं. यात नवीन काही नाही, मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ च्या सुमारास हे काढलंय. तुमच्या होस्टिंगवर ते चालू असणारच. पोर्ट ९९३, एसएसएल. पाठवायला ४६५ किंवा ५८७.

कॉम्प्युटरवर थंडरबर्ड हे मेलचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर घाला. जुनं पॉपचं खातं लगेच काढू नका! तेच खातं आयमॅप म्हणून दुसऱ्यांदा जोडा, मग जुन्या मेल ओढून आयमॅपच्या फोल्डरमध्ये टाका. हजारभर एका वेळी, सगळ्या एकदम नको, स्वस्त होस्टिंग मध्येच मान टाकतं. आणि आधी मेलबॉक्सला जागा किती आहे ते बघा.

मोबाईलवर के-नाइन मेल किंवा थंडरबर्ड. आता दोन्ही एकाच घरातले. के-नाइन २०२२ मध्ये थंडरबर्डच्या प्रकल्पात गेलं आणि त्याच पायावर ऑक्टोबर २०२४ मध्ये अँड्रॉइडचं थंडरबर्ड आलं. ज्याला सेटिंगात बोटं घालायची खाज आहे त्यानं फेअरईमेल घ्यावं. आयफोनला वेगळं काही नको, त्याचं आपलं मेल अ‍ॅप आयमॅप जाणतं.

निपाणी_बसस्टँड · मंगळवार, सकाळी ७.१५

म्हणजे जीमेलमध्ये जे आपोआप होतंय तेच हातानं करायचं. बरं.

पुण्यात_अडकलेला · मंगळवार, सकाळी ९.३०

निपाणीकर, आपोआप होतंय ते त्यांच्या मर्जीनं होतंय. जानेवारी २०१३ च्या शेवटी गूगलनं फुकट खात्यांना नवीन फोनवर मेल-कॅलेंडर-नंबर एकत्र सिंक करायची मायक्रोसॉफ्टची पद्धत, अ‍ॅक्टिव्हसिंक जोडायचं बंद केलं. त्याच वर्षी मार्चमध्ये कॅलडॅव, म्हणजे कॅलेंडर सिंक करायची उघडी पद्धत, मोजक्याच लोकांना देणार असं जाहीर केलं, ओरड झाली, जूनमध्ये शब्द मागं घेतला. मे २०२२ मध्ये साध्या पासवर्डनं बाहेरच्या अ‍ॅपला आत घेणं थांबवलं. सुरक्षेच्या दृष्टीनं हे शेवटचं योग्यच होतं, तरी किती जणांच्या जुन्या प्रिंटर-स्कॅनरची मेल त्या आठवड्यात बंद पडली ते मला विचारा.

उद्यमबागकर, माझं मत: नेक्स्टक्लाउड बसवा. २०१६ मध्ये ओनक्लाउडमधून वेगळं झालं, मूळ माणूस तोच, फ्रँक कार्लित्शेक. कॅलेंडर, काँटॅक्ट, फाइली, ड्रॉइंग शेअर करणं, व्हिडिओ कॉल, सगळं एका छताखाली. एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घ्या, डॉकर टाका, रेडिस, मारियाडीबी, पुढं रिव्हर्स प्रॉक्सी…

तिसरं_रेल्वे_गेट · मंगळवार, सकाळी ९.५२

भावा, त्यांना दुधाचा कॅन न्यायचाय आणि तू ट्रॅक्टर-ट्रॉली देतोयस.

नेक्स्टक्लाउड चांगलं आहे, मी स्वतः एका शाळेसाठी चालवतो. पण त्याला दर काही महिन्यांनी अपडेट लागतात आणि मोठी आवृत्ती एक एक पायरीनंच चढावी लागते. वर्षभर दुर्लक्ष केलं की एक रविवार जातो. जॉबवर्क करणाऱ्या माणसाला कशाला ते.

उद्यमबागकर · मंगळवार, दुपारी १.४०

जेवणाच्या सुट्टीत बघालोय. तुम्ही म्हणाला तसं पॉपच होतं! आयमॅप केलं, भावाच्या फोनवर मी पाठवलेली मेल दिसाय लागली. तो म्हणाला, “आता तू काय काय लिहितोस ते मला कळणार.” 😄

जुन्या मेल ओढायला लावल्यात, अकरा हजार आहेत. कॅलेंडरचं सांगा आता. थंडरबर्ड मोबाईलवर घातलं, त्यात कॅलेंडर सापडेना.

चंदगडची_लेक · मंगळवार, दुपारी ३.१०

सापडणार नाही दादा. कॉम्प्युटरवरच्या थंडरबर्डात कॅलेंडर आहे, मोबाईलवरचं फक्त मेलचं आहे. पहिल्यांदा सगळेच इथं अडकतात, मी दोन तास शोधत होते.

कॅलेंडरला वेगळी भाषा आहे, कॅलडॅव. २००७ पासूनचं उघडं मानक. नंबरांसाठी तिची बहीण कार्डडॅव, २०११ ची. आयफोनला दोन्ही येतात: सेटिंगमध्ये (नव्या आयओएसला आधी ‘अ‍ॅप्स’) कॅलेंडर, अकाउंट, अ‍ॅड अकाउंट, ‘अदर’. गंमत म्हणजे ओपन सोर्स म्हणवणाऱ्या अँड्रॉइडला मुळात येत नाहीत. त्याला मध्ये एक दुभाषी लागतो, त्याचं नाव डॅवएक्सफाइव्ह. पूर्वी डॅवड्रॉइड म्हणायचे. ऑस्ट्रियातल्या एका छोट्या कंपनीचं आहे. प्ले स्टोअरवर विकत मिळतं, एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत अ‍ॅपच्या दुकानात तेच फुकट. मी आधी फुकट घेतलं, सहा महिने चाललेलं बघून मग विकत घेतलं.

त्याला स्वतःचं कॅलेंडर नाही. ते सर्व्हरवरनं नोंदी आणून अँड्रॉइडच्या कॅलेंडरच्या कोठीत ठेवतं. मग तुम्ही बघायला कुठलंही अ‍ॅप घ्या, एतार घ्या, फॉसिफाय कॅलेंडर घ्या, फोनबरोबर आलेलं घ्या. ज्यांना हे ठाऊक नसतं ते डॅवएक्सफाइव्ह उघडून “यात तर काहीच दिसत नाही” म्हणून काढून टाकतात.

एकच जपायचं. नवीन नोंद करताना वर कुठलं कॅलेंडर निवडलंय ते बघा. परत ‘फोन’ निवडलं तर परत कूलंट.

खानापूरकर_मास्तर · मंगळवार, सायंकाळी ६.३०

मी निवृत्त शिक्षक. वाचतो आहे, निम्मे कळते. भिंतीवर कालनिर्णय आणि खिशात डायरी, यावर चाळीस वर्षे निघाली. तुमच्या या कॅलडॅवमध्ये तिथीने तारीख घालता येते का? वडिलांचे श्राद्ध, गावची यात्रा, शिवजयंती. आपल्याकडे बेळगावात चित्ररथाची मिरवणूक निघते ती वैशाख शुद्ध द्वितीयेच्या शिवजयंतीची, १९ फेब्रुवारीची नव्हे. दुसऱ्या दिवशी तृतीयेला बसव जयंती. दोन्ही दरवर्षी हलतात. मोबाईल मात्र मला ‘दरवर्षी याच तारखेला’ एवढेच विचारतो.

तिसरं_रेल्वे_गेट · मंगळवार, रात्री १०.४५

मास्तर, प्रश्न नेमका आहे, त्याचं उत्तर उद्या. आज सर्व्हर कुठं ठेवायचा ते आधी, नाहीतर उद्यमबागकर कच्चेच राहतील.

पहिला पर्याय, जुना कॉम्प्युटर. त्यावर रॅडिकॅल घालता येतं. पायथॉनमध्ये लिहिलेला अगदी छोटा सर्व्हर, पोर्ट ५२३२. डेटाबेसबिटाबेस नाही, प्रत्येक नोंदीची एक साधी फाइल. मला मनापासून आवडतो. पण तो उद्यमबागेत तुमच्या कारखान्यात ठेवला तर करंट गेला की कॅलेंडर गेलं. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँडवर स्वतःचा बाहेरचा पत्ता मिळत नाही, एका पत्त्यामागं शेकडो घरं असतात, त्यामुळं बाहेरून त्या कॉम्प्युटरपर्यंत पोचता येत नाही. वायरगार्ड या व्हीपीएननं बोगदा काढता येतो, पण मग त्या बोगद्यालाही कुठंतरी दुसरं टोक लागतंच.

दुसरा पर्याय, तुमच्याकडे आधीच असलेलं होस्टिंग. कंट्रोल पॅनलमध्ये ‘कॅलेंडर्स अँड काँटॅक्ट्स’ असं काही दिसतं का? सीपॅनल असेल तर बऱ्याचदा असतं, पोर्ट २०८०. ते पॅनल मुक्तस्रोत नाही हे मान्य, पण भाषा तीच कॅलडॅव, त्यामुळं उद्या उठून दुसरीकडं जाता येतं. ते नसेल तर तिथंच बायकाल बसवा.

नाव सैबेरियातल्या तळ्याचं. पीएचपीत आहे, त्यामुळं जिथं वेबसाइट चालते तिथं चालतं. डेटाबेस म्हणजे एसक्यूलाइटची एक फाइल. एकच पथ्य: त्याचं ‘एचटीएमएल’ हे फोल्डर तेवढं बाहेर दिसलं पाहिजे, बाकीचं नाही. सबडोमेन काढा आणि त्याचं मूळ थेट त्या फोल्डरवर लावा. एचटीटीपीएस नसेल तर पुढं जाऊच नका. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, ९० दिवस टिकतं, बहुतेक होस्टिंग ते आपोआप नवं करतं.

आणि स्वतःचा मेल सर्व्हर घरी चालवायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो काढून टाका. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या मेलच्या खरेपणाच्या खुणा सगळ्या बरोबर लावूनही घरच्या पत्त्यावरनं गेलेली मेल लोकांच्या स्पॅममध्ये जाऊन बसते. मेल होस्टिंगवर, कॅलेंडर आपलं. एवढं बास.

पुण्यात_अडकलेला · मंगळवार, रात्री ११.१५

अ‍ॅक्टिव्हसिंकच हवं असेल तर झेड-पुश आहे, सोगो आहे. एकच खातं घातलं की मेल, कॅलेंडर, नंबर तिन्ही येतात आणि लगेच येतात. कॅलडॅवमध्ये अँड्रॉइडला दर पंधरा मिनिटांनी सर्व्हरला विचारावं लागतं, त्याच्या आत नाही.

चंदगडची_लेक · बुधवार, सकाळी ८.००

पंधरा मिनिटांत उद्यमबागेत काय कोसळतंय हो? आपण केलेली नोंद लगेच वर जाते, दुसऱ्याची यायला वेळ लागतो एवढंच. मात्र डॅवएक्सफाइव्हमध्ये अंतर बघून घ्या, सुरुवातीला चार तासांचं असतं. वाय-फायवरच सिंक करायचं का तेही तिथंच.

उद्यमबागकर · बुधवार, रात्री ९.१०

पॅनलमध्ये तसलं काही नाही. होस्टिंगवाल्याला फोन केला, तो म्हणाला वरचा प्लॅन घ्या. मग बायकाल केलं. दीड तास लागला, त्यातला एक तास सबडोमेनचं मूळ बरोबर फोल्डरवर लावण्यात गेला.

‘दुकान’ नावाचा एकच वापरकर्ता काढला आणि तिन्ही फोनवर तोच घातला. माझ्या फोनवर आलं. कॉम्प्युटरवरच्या थंडरबर्डात आलं. भावाच्या आयफोनला नुसता पत्ता पुरेना, शेवटी ‘डॅव डॉट पीएचपी’च्या पुढं प्रिन्सिपल्स आणि नाव असा अख्खा रस्ता लिहिला तेव्हा घेतलं. मिस्त्रींच्या फोनवर एकदा आलं, नंतर हलेना. सकाळी घातलेली नोंद संध्याकाळपर्यंत नाही.

आणखी एक. वेळेच्या जागी गाव निवडा म्हणतंय तर त्यात बेळगाव नाही, बेळगावी नाही, कोलकाता आहे!

तिसरं_रेल्वे_गेट · बुधवार, रात्री ९.२५

बरोबर आहे, सगळ्या देशाला तेच. महाराष्ट्र का कर्नाटक हे २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, घड्याळ मात्र कोलकात्याचं. 😀

तेच निवडा, रिकामं सोडू नका. रिकामं सोडलं की काही अ‍ॅप जागतिक वेळ धरतात आणि दहाची मीटिंग साडेतीनला दिसते. साडेपाच तासांचा फरक दिसला की दुसरीकडं शोधूच नका, दोष तिथंच.

बाहेर माल पाठवत असाल तर एवढं वाचून ठेवा. जर्मनीच्या पार्टीबरोबर दर मंगळवारी कॉल असेल तर ती नोंद बर्लिनच्या वेळेनं करा. त्यांची घड्याळं मार्चच्या शेवटी एक तास पुढं जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटी मागं येतात. आपल्यात आणि त्यांच्यात उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. बर्लिनची वेळ घातली की कॅलेंडर स्वतः सरकतं. आपल्या वेळेनं घातली तर नोव्हेंबरात तुम्ही तासभर आधी जाऊन रिकाम्या स्क्रीनसमोर बसाल. मी बसलोय.

मिस्त्रींच्या फोनचं कारण बॅटरी. काही फोन पडद्यामागची अ‍ॅप मारून टाकतात. सेटिंगमध्ये जाऊन डॅवएक्सफाइव्हला बॅटरीच्या बंधनातून मोकळं करा, ‘ऑटोस्टार्ट’ असेल तर चालू करा.

उद्यमबागकर · बुधवार, रात्री ९.४०

मिस्त्री उद्यापास्नं तीन दिवस गावाला, यल्लम्माला जाऊन येणार. आल्यावर करतो.

तिसरं_रेल्वे_गेट · बुधवार, रात्री १०.३०

मास्तर, तुमचं. कॅलेंडरच्या फाइलचं जे मानक आहे त्यात ‘पुन्हा पुन्हा’ हा नियम इंग्रजी महिन्यांवरच चालतो. २०१५ मध्ये त्याला जोड दिली, चिनी, हिब्रू अशा दुसऱ्या पंचांगांनी नियम लिहिता यावा म्हणून. त्या यादीत ‘भारतीय’ असंही एक नाव आहे. ते वाचून मी पण हरखलो होतो. निघालं ते १९५७ चं सरकारी शक कॅलेंडर, सूर्यावर चालणारं. त्यात तिथी नाही, अधिक मास नाही. आणि ही जोड मुळात फार थोड्या अ‍ॅपना कळते.

त्यामुळं वर्षाच्या सुरुवातीला पंचांग उघडायचं आणि तारखा हातानं घालायच्या, दुसरा उपाय नाही. २०२६ ला ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. गेल्या वर्षीची तारीख दहा-अकरा दिवस मागं घेऊन अंदाज बांधणारे त्या वर्षी फसतात. ज्येष्ठानंतरचं सगळंच उशिरा येतं, गणपती चौदा सप्टेंबरला.

खानापूरकर_मास्तर · गुरुवार, सकाळी ६.१०

म्हणजे भिंतीवरचे कालनिर्णय काढायचे नाही. समाधान वाटले.

चंदगडची_लेक · गुरुवार, सकाळी १०.२०

मास्तर, तुम्ही तारखा काढून दिल्यात तर मी त्यांची एक कॅलेंडर फाइल करून वेबवर ठेवते. आयसीएसएक्सफाइव्ह म्हणून डॅवएक्सफाइव्हवाल्यांचंच एक छोटं अ‍ॅप आहे. त्यात पत्ता घातला की कुणालाही नुसतं बघता येतं, बदलता येत नाही.

आपल्या भागाला असं एक हवंच आहे. मला ऑफिस कोल्हापूरचं, पोरांची शाळा इथली, बेळगावची. एक नोव्हेंबरला इकडं राज्योत्सवाची सुट्टी, तिकडं कामाचा दिवस. १९ फेब्रुवारीला तिकडं सुट्टी, इकडं शाळा. मी दोन राज्यांची दोन वेगळी कॅलेंडरं दोन रंगांत ठेवलीत. डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन इथं भरतं तेव्हाच्या दिवसांना तिसरा रंग, कारण तेव्हा पाहुण्यांना गावात लॉज मिळत नाही.

शहापूरची_अक्का · गुरुवार, दुपारी २.३५

मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. कॅलेंडरचं मला नको, नंबरांचं विचारायचंय. जुन्या फोनमधून सगळे नंबर एका फाइलमध्ये काढले. कॉम्प्युटरवर उघडली तर इंग्रजीत लिहिलेली नावं नीट आणि मराठी-कन्नड नावांच्या जागी नुसती बरोबरची चिन्हं, आकडे, इंग्रजी अक्षरं. आठशे गिऱ्हाइकं आहेत. गेलं का सगळं?

तिसरं_रेल्वे_गेट · गुरुवार, दुपारी ३.००

काही गेलं नाही अक्का, फाइल पुसू नका आणि कॉम्प्युटरवर उघडून सेव्ह तर अजिबात करू नका.

नंबरांच्या फाइलची पद्धत म्हणजे व्हीकार्ड, जुने फोन तिची २.१ ही आवृत्ती लिहितात. तिच्यात इंग्रजीबाहेरचं अक्षर सरळ न लिहिता सांकेतिक लिहितात. देवनागरीचं किंवा कन्नडचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात आणि प्रत्येक बाइटला बरोबरचं चिन्ह अधिक दोन खुणा. म्हणजे एका ‘क’ला नऊ खुणा. डोळ्यांना कचरा दिसतो, फोनला वाचता येतं. ती फाइल नव्या फोनवर न्या आणि काँटॅक्टच्या अ‍ॅपमधूनच आत घ्या. कुठल्या खात्यात घालू असं विचारेल, तेव्हा डॅवएक्सफाइव्हचं खातं निवडा. ते वर पाठवताना नव्या पद्धतीनंच पाठवतं.

शहापूरची_अक्का · गुरुवार, रात्री ८.१५

आली ओ सगळी! देव भलं करो.

अजून एक, राग मानू नका. माझी निम्मी गिऱ्हाइकं मी मराठीत लिहिते, निम्मी मुलगी कन्नडमध्ये लिहिते, ती कन्नड शाळेत आहे. एक पाटील बाई दोन्हींत आहेत, शिवाय ‘ब्लाउज पाटील’ म्हणून इंग्रजीत तिसऱ्यांदा. शोधताना एकच सापडते.

चंदगडची_लेक · गुरुवार, रात्री ९.००

अक्का, तिन्ही नोंदी जोडून एक करा. नाव मराठीत ठेवा, खाली ‘टोपणनाव’ची जागा असते तिथं कन्नड आणि उच्चाराच्या जागी इंग्रजी. फोन शोधताना त्याही जागा बघतो. आठशे एकदम करू नका, ज्या बाईचा फोन येईल तिची त्याच दिवशी.

उद्यमबागकर · रविवार, दुपारी १२.१५

घात झाला. सगळं कॅलेंडर गेलं. परत.

भावाचा मुलगा नववीत आहे. बापाच्या आयफोनवर गेम खेळताना सारखं ‘गेज कॅलिब्रेशन’, ‘गेज कॅलिब्रेशन’ असं वर यायला लागलं म्हणून त्यानं कॅलेंडर उघडून ‘डिलीट कॅलेंडर’ दाबलं. त्याच्या मते फक्त त्या फोनवरचं जाणार होतं. माझ्या फोनवरनं गेलं, कॉम्प्युटरवरनं गेलं. बायकालमध्ये बघितलं, तिथंही नाही. आठवडाभर बसून जुन्या चलनांवरनं दोनशे नोंदी परत घातल्या होत्या. होस्टिंगच्या प्लॅनमध्ये बॅकअप नाही, तोही वरच्या प्लॅनमध्ये.

तिसरं_रेल्वे_गेट · रविवार, दुपारी १२.२२

सिंकला भलंबुरं कळत नाही, पुसणंही तेवढ्याच इमानानं सगळीकडं पोचवतं. प्रत काढायला मी सांगायला हवं होतं, चूक माझी.

मिस्त्री आले का गावाहून? त्यांच्या फोनची बॅटरीची सेटिंग बदलली का?

उद्यमबागकर · रविवार, दुपारी १२.२५

नाही अजून. आज संध्याकाळी येणार. कशाला?

चंदगडची_लेक · रविवार, दुपारी १२.२६

दादा, पहिला फोन मिस्त्रींना लावा!! नेट बंद करा म्हणावं, एरोप्लेन मोड. डॅवएक्सफाइव्ह उघडू नका म्हणावं. त्यांचा फोन सिंक होत नव्हता ना!

उद्यमबागकर · रविवार, दुपारी १.०५

लागला. बसमध्ये होते. “विमान दाबा” म्हणून सांगितलं तर म्हणाले, “सायब, मी यष्टीत हाय.” शेजारच्या कॉलेजच्या पोरानं दाबून दिलं.

उद्यमबागकर · रविवार, रात्री ८.५०

मिळालं. मिस्त्रींच्या फोनवर बुधवार सकाळपर्यंतच्या नोंदी जशाच्या तशा होत्या. फॉसिफाय कॅलेंडरमधून फाइल काढली, केबलनं कॉम्प्युटरवर घेतली, बायकालमध्ये नवीन कॅलेंडर काढून थंडरबर्डातनं त्यात भरली. १९६ नोंदी. बुधवारनंतरच्या दहाबारा हातानं घातल्या. मिस्त्रींना चहा आणि कुंदा दिला. बॅटरी खाणारा फोन म्हणून त्याला दोन वर्षं शिव्या घालत होतो.

आता पुढं काय करू ते एकदाच सांगा.

तिसरं_रेल्वे_गेट · रविवार, रात्री ९.३०

मिस्त्रींच्या फोनवर डॅवएक्सफाइव्हमध्ये त्या कॅलेंडरला ‘फक्त वाचन’ लावा, मग बॅटरीची सेटिंग करा. क्रम हाच.

आयफोनवर कॅलडॅव खात्याला तसं कुलूप नाही. भावाला नोंदी घालायच्या नसतील, नुसत्या बघायच्या असतील तर खातं काढा आणि वर्गणीचं कॅलेंडर म्हणून जोडा. कॅलेंडरच्या पत्त्यापुढं प्रश्नचिन्ह आणि ‘एक्सपोर्ट’ हा शब्द लावला की बायकाल अख्खं कॅलेंडर एका फाइलमध्ये देतं, नाव-पासवर्ड विचारून.

त्याच पत्त्यावरनं ऑफिसच्या कॉम्प्युटरला रोज रात्री फाइल उतरवायला लावा, नावात तारीख घालून. एकच नाव ठेवलंत तर उद्याची रिकामी फाइल आजच्या भरलेल्या फाइलवर बसेल. महिन्यातनं एकदा बायकालची डेटाबेसची फाइल पेनड्राइव्हवर. जुना कॉम्प्युटर पडून आहे म्हणालात, त्याला हेच काम द्या.

निपाणी_बसस्टँड · सोमवार, सकाळी ७.४०

सगळा धागा वाचला. माझ्या जीमेलच्या कॅलेंडरची पण अशी फाइल निघते काय ओ?

चंदगडची_लेक · सोमवार, सकाळी ८.०५

निघते की. कॉम्प्युटरवरनं कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये जा, ‘इम्पोर्ट अँड एक्सपोर्ट’. मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये शोधू नका, तिथं नाही.

खानापूरकर_मास्तर · सोमवार, सायंकाळी ५.४५

चंदगडच्या ताईंना तारखा काढून पाठवल्या आहेत, वहीच्या पानाचा फोटो. पावसाने नेट जात-येत आहे, तीनदा पाठवला, एकच ठेवावा. शिवजयंती, बसव जयंती, आषाढी, नागपंचमी, गणेश चतुर्थी, अनंत चतुर्दशी, दसरा, आणि आमच्या गावच्या यात्रेची वेगळी. यात्रेचा दिवस पंच ठरवतात, पंचांग नव्हे, त्यामुळे तिथे पेन्सिलने लिहिले आहे.